पाणी न पाजलेली चकमक

खुकुरी विकत घ्यायला आलेला माणूस काय करतो, ते मी चाळीस वर्षं बघतोय. सर्रकन उपसतो, हवेत दोन वार करतो, पात्यात स्वतःच्या मिशा न्याहाळतो आणि परत खुपसतो. म्यानाच्या पाठीवर दोन बारके कप्पे असतात, त्यांत दोन बारकी हत्यारं असतात, याचा त्याला पत्ताच नसतो. एक कर्दा, म्हणजे बोटभर सुरी. संत्रं सोलायला, हाडावरचं मांस काढायला, पायातला काटा काढायला. दुसरी चकमक. तिला धार नसते, नुसती कडक पोलादाची बोथट पट्टी. खुकुरीची धार पडली की तिच्यावर घासून बसवायची, आणि गारगोटीवर तिचा फटका मारून विस्तव पाडायचा. रानात दोन दिवस काढायचे तर या दोन वस्तूंवाचून पान हलत नाही, पण कौतुक सगळं मोठ्या पात्याचं. गिऱ्हाइकाला हे तोंडावर सांगितलं तर राग येतो, म्हणून मी आता सांगणं सोडून दिलंय.

माझं नाव काइला. जातीचा सार्की, चामड्याची म्यानं शिवतो. नेपाळातल्या भोजपूर बाजारातून खाली उतरलं की पिखुवा नदीच्या अलीकडे आमची वस्ती आहे. सगळी घरं कामींची, म्हणजे लोहारांची. सार्कीचं घर माझं एकट्याचं. ते पातं घडवतात, मी त्याला अंगरखा शिवतो. वरची बडी माणसं आम्हा दोघांनाही उंबऱ्याबाहेर ठेवतात आणि दसैंला, म्हणजे दसऱ्याला, आमच्याच हातच्या खुकुरीला फुलं वाहतात. ते जाऊ दे. मला सांगायचंय ते सुनकेसरीबद्दल.

कर्दा-चकमकीची जोडी आमच्या वस्तीत एकच माणूस करतो, आणि तो माणूस बाई आहे. बायकांनी खुकुरी ठोकायची नाही असं आमच्याकडे आहे. कुणी सांगितलं, का सांगितलं, कुणाला ठाऊक नाही, पण ठोकत नाहीत. भाता मात्र जन्मभर बायकाच ओढतात. छोट्या जोडीबद्दल कुणी नियम केला नाही, कारण तिला कुणी हत्यार मानतच नाही. सुनकेसरी त्या फटीतून आत शिरली. आज बाजारातले नाकानं कांदे सोलणारे कारागीरसुद्धा जोडीसाठी गुपचूप खाली उतरतात आणि तिच्या दारात बूड टेकून बसतात.

ती अरुण नदीपलीकडची, दिंग्लाकडची. आमच्या पदमलालची बायको म्हणून आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. पदमलाल माझ्यापेक्षा बराच लहान, पण माझा दोस्त. सदा हसरा, हातात घण असला तरी तोंड बंद नाही. लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात त्यानं तिच्या हातात हातोडी दिली आणि ट्रकच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्याचा एक तुकडा टाकला. "कर बघू काहीतरी." तिनं कर्दा केला. त्यानं त्या कर्द्यानं एक संत्रं सोललं, साल कुठं न तुटता, आणि ती लांबलचक साल तिच्या कानात डुलासारखी अडकवली. आमच्या ओटीवरून माझ्या बायकोनं ते पाहिलं आणि मला म्हणाली, "चाळीस संत्री खाल्लीत माझ्या हातची, एक साल कधी कानाला लावलीत?" मी म्हटलं, "तुझ्या कानाला काय कमी आहे, वस्तीभरच्या चुगल्या आहेत की." दोन दिवस जेवण नुसतं मीठ घालून मिळालं.

त्याच वर्षी दसैंच्या महिनाभर आधी मेघालयाकडच्या कोळशाच्या खाणींसाठी माणसं नेणारा एक मुकादम आला. पदमलाल तयार झाला. त्यानं स्वतःसाठी खुकुरी घडवली होती, मी म्यान शिवून दिलं होतं. जोडी सुनकेसरीच्या हाताखाली होती. कर्दा झाला होता. चकमक ठोकून घासून आकाराला आली होती, पण तिला अजून पाणी पाजायचं होतं. लाल करून पाण्यात बुडवली की पोलाद कडक होतं, तेव्हा ती चकमक. तोवर नुसतं लोखंड.

"उद्या दुपारपर्यंत थांब," ती म्हणाली.

"जीप सकाळची आहे."

"मग कर्दा तरी ने."

"जोडी फोडतात होय? राहू दे. दसैंला आलो की घेईन. तुझ्याकडे माझं काहीतरी अर्धं राहिलेलं बरं, यायला कारण होईल."

मी तिथंच उभा होतो. उचलली जीभ लावली टाळ्याला; मी म्हटलं, "रिकाम्या कप्प्यांनी म्यान काही गळत नाही रे, जा बिनधास्त." तो हसत गेला. त्या वाक्यासाठी मी अजून स्वतःला शिव्या घालतो.

दोन वर्षं बाजारातल्या दुकानात त्याचा फोन यायचा. दरवेळी या दसैंला येतो म्हणायचा, दरवेळी काहीतरी निघायचं. मग त्यानं खाण बदलली आणि फोन बंद झाला. त्याच्या बहिणीचा नवरा टेकनाथ शोधायला गेला. बिचारा महिनाभर त्या डोंगरांतून भटकला, मलेरिया घेऊन आला, दुसरं काही आणलं नाही. पुढे एक माणूस म्हणाला, पदमलालला आसामात पाहिला. दुसरा म्हणाला, एका खाणीत पाणी भरलं होतं, आत कोण होतं ते कुणी मोजलंच नाही. ज्याला जे वाटलं ते त्यानं सांगितलं आणि चहा पिऊन गेला.

सुनकेसरीनं मोठ्या घणाला हात लावला नाही, पण भट्टी विझू दिली नाही. कर्दे केले, चकमकी केल्या, सासूला जगवलं. आणि पदमलालची ती चकमक तिनं तशीच ठेवली, पाणी न पाजता. कामींमध्ये म्हणतात, अर्धं काम गार पडलं की गिऱ्हाईक पाठ फिरवतं. म्हणून फोन बंद झाल्यापासून दर महिन्याच्या पहिल्या दिवशी, संक्रांतीला, आंघोळ करून ती पहिल्यांदा तीच चकमक भट्टीत घालायची. लाल झाली की ऐरणीवर हलके दोन ठोके. वर खवले आले तर घासून काढायची. मग राखेत ठेवून द्यायची, हळूहळू निवायला. पाण्याला लावायची नाही. पाण्याला लावली तर काम पुरं झालं, आणि काम पुरं झालं तर त्यानं कशासाठी यायचं?

माझी ओटी तिच्या भट्टीच्या समोरच आहे. दर संक्रांतीला ती दोन ठोक्यांची टिकटिक ऐकली की माझी आरी हातात थांबायची. जौमती आमा, म्हणजे तिची सासू, आतून ओरडायची, "कोळसा काय फुकट येतो? त्या काडीला किती वर्षं भाजणार आहेस?" ती चकमकीवर राख ओढत राहायची.

फोन बंद होऊन बारा वर्षं झाली. आमच्यात माणूस बारा वर्षं बेपत्ता राहिला की त्याचा कुश गवताचा पुतळा करतात, नदीवर नेऊन जाळतात, तेरा दिवस सुतक धरतात. मग बायकोनं सिंदूर पुसायचा. कामींचं भटपण बामण करत नाहीत, घरचा जावईच करतो, तेव्हा टेकनाथ येऊन ओटीवर बसला आणि जमिनीकडे बघत बोलला, "मी काही म्हणत नाही. पण वर्षं मोजली मी."

सुनकेसरी मका भाजत होती. मीही होतो. मला उठून जायला हवं होतं, पण मी उठलो नाही.

"बुहारी, ऐकलंस ना?" आमा म्हणाली. बुहारी म्हणजे सून. नावानं तिनं कधी हाक मारलीच नाही.

"ऐकलं आमा."

"तू तो आहे म्हणून वाट बघतेस. बघ, मी आड येत नाही. पण तो नसला तर? मग माझं पोर बारा वर्षं घोटभर पाण्यावाचून भटकतंय. तुला तुझी आशा जगवायचीय, आणि ती त्याच्या तोंडचं पाणी पिऊन जगतेय."

"आणि तो असला तर आमा? जित्या माणसाला जाळायचं?"

"जिता माणूस बारा वर्षांत आईला एक हाक मारत नाही?" म्हातारीचा आवाज फुटला. "तसला पोरगा मी जन्माला घातला असेन तर ते मला मेल्याहून वाईट. त्यापेक्षा तो गेलाय असंच म्हणते मी. तो चांगला होता."

सुनकेसरीनं मक्याचं कणीस विस्तवातच राहू दिलं. ते पार करपलं.

दोन दिवस ती भट्टीवर आली नाही. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आली. मला ती दाइ म्हणते, म्हणजे थोरला भाऊ. म्हणाली, "काइला दाइ, एक लहान म्यान शिवा. खुकुरीशिवाय. नुसते दोन कप्पे." मी का म्हणून विचारलं नाही. पुतळ्याच्या कमरेला बांधायला हवं होतं. आमच्या वस्तीतली रीत अशी की कामीच्या चितेला काडेपेटी लावायची नाही. त्याच्याच चकमकीनं विस्तव पाडायचा आणि मग ती जोडी त्याच्याबरोबर आगीत द्यायची. पदमलालची चकमक पुरी करायला लागणार होती. ते म्यान शिवताना मी तीन वेळा बोटाला आरी टोचून घेतली. बायकोनं चिंधी आणून दिली.

मंसिर महिन्यातल्या एकादशीला, उजाडता उजाडता तिनं भट्टी पेटवली. मला बोलावलं होतं. भाता ती स्वतःच ओढत होती. चकमक लाल झाली, नारिंगी झाली. एरवी तिची रंग पाहण्याची नजर अशी की बाजारातले म्हातारे तिच्याकडे पाहून शिकतील. त्या दिवशी ती रंग पाहत नव्हती, त्या तुकड्याकडे पाहत होती. बराच वेळ गेला. मी म्हटलं, "बुहारी, जळेल."

"जा आता," ती म्हणाली. मला नव्हे. आणि सांडशीनं चकमक पाण्यात घातली.

आवाज झाला, पण मऊ झाला. माझ्या कानाला तो पटला नाही. वाटलं, साठी उलटली, कान गेले असतील आपले. ती कडक झाली की नाही ते कानस लावून पाहायचं असतं; सुनकेसरीनं उभ्या जन्मात कानस लावल्याशिवाय एक नग हातावेगळा केला नव्हता. त्या दिवशी लावली नाही. शिंगाची मूठ लाखेनं बसवली, पुसली आणि माझ्या म्यानात घातली. तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं होतं. ओझं उतरवलेल्या हमालासारखी ती पायरीवर बसली.

पिखुवाच्या काठावर सगळी वस्ती जमली. आमाला पाठीवरच्या टोपलीत बसवून खाली आणलं. कुशाच्या पुतळ्याला पदमलालचा लग्नातला कोट घातला होता. सुनकेसरीसाठी पांढरं लुगडं आमानंच बाजारातून मागवलं होतं. ते घडी करून तिच्या मांडीवर होतं. टेकनाथनं मंत्र म्हटले, म्हणजे त्याला येत होते तेवढे. मग झुलो, म्हणजे पानांच्या लवेचा कापूस, गारगोटीवर धरला आणि चकमक मारली.

ठिणगी पडली नाही.

परत मारली. दहा वेळा मारली. गारगोटी बदलली. मग म्हणाला, "काइला दाइ, तुम्ही बघा." मी जन्मभर विडी चकमकीवर पेटवलेला माणूस, मी मारली, माझी बोटं सोलली, नुसती खरखर. शेवटी सुनकेसरीनं घेतली. तिच्या हातूनही काही पडलं नाही. बायका कुजबुजायला लागल्या.

टोपलीतून आमा म्हणाली, "थांबा."

सगळे थांबले.

"त्याची चकमक त्याला आग देत नाहीये. कळत नाही का तुम्हाला? पोर जितं आहे माझं."

मग टेकनाथ मटकन खाली बसला आणि ढसाढसा रडायला लागला, आणि रडता रडता हसायला लागला. बायकांनी एकमेकींना मिठ्या मारल्या. कुणीतरी पुतळ्याच्या अंगातला कोट काढला, झटकला, नीट घडी करून आमाच्या हातात दिला. आमा त्या कोटाचा वास घेत होती. तिचं तोंड मी तीस वर्षं बघतोय, पण असं कधी पाहिलं नव्हतं.

सुनकेसरी मात्र दगडावर बसली होती. तिनं म्यानातून कर्दा काढला आणि त्याची धार चकमकीवरून ओढली. खऱ्या चकमकीवरून कर्दा घसरतो, ओरखडाही उठत नाही. हा रुतला. केसाएवढी लोखंडाची साल निघाली आणि तिच्या बोटावर गुंडाळली गेली. तिनं वर पाहिलं. मी तिच्याकडेच पाहत होतो. आम्हा दोघांनाही कळलं. बाकी कुणाचं लक्ष नव्हतं.

ती उठली. सांगायलाच उठली होती, तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात आमा म्हणाली, "बुहारी, भूक लागली गं मला." बारा वर्षं भरली तेव्हापासून, चार महिने, म्हातारी दोन घासांवर होती.

सुनकेसरीनं तोंड मिटलं. "चला आमा," ती म्हणाली, "भात टाकते."

दुपारी ती माझ्या ओटीवर आली.

"तुम्ही पाहिलंत दाइ."

"पाहिलं."

"दर संक्रांतीला तापवली. बारा वर्षांच्या किती संक्रांती झाल्या? पोलादातला जीव जळून गेला, नुसतं लोखंड उरलं. सात वर्षांची होते तेव्हा बापानं शिकवलं होतं मला. तापवून तापवून दूध घट्ट होतं, पोलाद पोकळ होतं."

"ठाऊक होतं तर का तापवत होतीस?"

"महिन्यातला तेवढा एक दिवस त्याचं काहीतरी काम करायला मिळायचं."

मग मी रागावलो, कारण मला दुसरं काही येत नाही. "मग सांगायचं होतंस तिथं! नवी कर. त्याच पाट्याच्या तुकड्याची, एका तावात कर. टेकनाथला मी सांगतो."

"आणि आमाला काय सांगू? तुमचं पोर जितं नाही, माझ्या हातून लोखंड जळलं म्हणून? त्यांच्यासाठी त्याला दुसऱ्यांदा मारू?" तिनं ओटीवरची चामड्याची कातरण उचलून बाजूला ठेवली. "सकाळी पाण्यात घातली ना, तेव्हा मी सोडला त्याला. खरंच सोडला, दाइ. बारा वर्षांत पहिल्यांदा पोटभर श्वास आला. नदीवर जाऊन एकदाचं रडायचं होतं मला. आणि आता सगळी वस्ती मला हसून म्हणतेय, वाट बघ, येईल."

तिला रडू आलं नाही. मला आलं. माझ्या बायकोनं आतून तिच्यासाठी चहा आणला आणि जवळ बसून राहिली.

याला दोन वर्षं होत आली. मी मूग गिळून बसलोय, सुनकेसरीही. आमा ठणठणीत आहे, खोटं कशाला बोलू. दोन वेळा जेवते, शेजारणींशी भांडते, वरच्या वळणावर जीपचा आवाज आला की ओटीच्या टोकाशी येते. बारा वर्षं सुनकेसरीला वाटत होतं की या घरात आपल्याबरोबर दुसऱ्या कुणीतरी एकदा तरी वाट बघावी. मला ते ठाऊक होतं, तिनं माझ्या बायकोजवळ बोलून दाखवलं होतं. आता बघणारी मिळाली, तर हिचं बघणं संपलंय.

रोज सकाळी आमा सिंदुराची डबी घेऊन बसते आणि हाक मारते. सुनकेसरी भट्टीवरून उठते, हातांची राख लुगड्याला पुसते, सासूसमोर उकिडवी बसते. आमाचे हात थरथरतात, म्हणून वेळ लागतो. "नीट भरू दे," ती म्हणते. "तो आला आणि तुझा भांग रिकामा दिसला तर मला काय म्हणेल?"

"काही म्हणणार नाही आमा," सुनकेसरी म्हणते आणि डोकं आणखी खाली वाकवते, म्हातारीचा हात पोचावा म्हणून.